चिकटवलेलं लिंबू

वर्णन: स्त्री, अविवाहित, वयाने ज्येष्ठ आणि बोलण्याने त्याहूनही ज्येष्ठ. व्यवसाय: जुन्या खुर्च्या, सोफे व तत्सम बैठकव्यवस्था यांची दुरुस्ती. उंची मध्यम, डाव्या पायावर भार दिल्यास किंचित अधिक. ओळखीच्या खुणा: अंगठ्यावर वाकड्या सुईने पाडलेले घट्टे, उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा, कामाच्या वेळी ओठांत धरलेल्या तीन-चार चुका, ज्या खिळे या अर्थी घ्याव्यात, दुसऱ्या अर्थाची चूक सदर व्यक्तीने आजवर तोंडाने कबूल केल्याचे आढळत नाही. कुटुंबातील पद: आत्या. उन्हाळी सुटीतील वार्षिक मेळाव्यातील दर्जा: झेपतील त्या मैदानी खेळांत सहभाग अनुज्ञेय, तथापि सदर व्यक्तीस कोणत्याही खेळात, कोणत्याही सबबीवर, कोणीही बाद करू नये.

यातलं शेवटचं कलम सोडलं, तर बाकीच्यावर आत्याने डोळे झाकून सही केली असती. अडचण एवढीच, की ते कलम तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. ते वहिनींच्या स्वयंपाकघरात, दार लोटून, एकमताने मंजूर झालं होतं. एकमत म्हणजे वहिनींचं मत. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे माना हलवल्या होत्या.

वहिनी म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची बायको. उभी हयात त्यांनी इस्पितळात काढली आणि वॉर्डाच्या मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या वॉर्डात पेशंट बरे होत, कारण बरं न होण्याची परवानगी त्यांना नसे. नणंद-भावजयीचं नातं या दोघींनी अगदी शास्त्रोक्त सांभाळलं होतं: एकीने पूर्व म्हटलं की दुसरी पश्चिमेचं तिकीट काढायची. पण दुखलंखुपलं तर आधी एकमेकींनाच कळायचं, आणि हे दोघींपैकी कोणीही चारचौघांत कबूल केलं नसतं.

आत्याचं दुकान खाली, घर वर, आणि मागे चांगली प्रशस्त मोकळी जागा. दुकानात पाऊल टाकलं की आधी नाकात शिरायचा तो चिकटवायच्या सोल्युशनचा वास. मग डोळ्यांना सवय झाली की दिसायचे फोमचे ढीग, तागाचे पट्टे आणि पोट फाडून उताणे पडलेले सोफे. मागच्या जागेत दुरुस्त झालेल्या खुर्च्या उन्हात उभ्या असायच्या. दर वर्षी सुट्या लागल्या की एका रविवारी सगळं घराणं तिथेच जमायचं. पोत्यांची शर्यत असायची, आणि पोती आत्याने शिवलेली, तळाला दुहेरी शिवण. रस्सीखेच असायची, आणि रस्सी गाद्या बांधायची. शेवटी संगीत खुर्ची, आणि तिच्या खुर्च्या मात्र गिऱ्हाइकांच्या.

यात लबाडी नव्हती, कामाची पद्धत होती. एक माणूस बसला म्हणून खुर्चीची परीक्षा होत नाही, दोघं एकदम एकाच खुर्चीवर आदळले की होते, असं आत्याचं मत होतं. आणि त्या घराण्यात वजनदार माणसांची कधी वानवा नव्हती. समाजात नसली तरी काट्यावर. तेव्हा ग्रंथालयाच्या म्हणू नका, नोंदणी कार्यालयाच्या म्हणू नका, उन्हाळ्यात दुरुस्तीला आलेल्या सगळ्या खुर्च्या संगीत खुर्चीतून उत्तीर्ण होऊनच परत जात. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता. फक्त, आत्याने बसवलेला पाय पुन्हा हलत नाही, अशी तिची ख्याती होती.

बक्षिसंही तीच शिवायची. उरल्यासुरल्या कापडाच्या उशा, पहिल्या तिघांना तीन. उत्तेजनार्थ काही नाही. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणजे हरलेल्या माणसाला पुन्हा पुढे बोलावून सगळ्यांदेखत हरवणं, असं तिचं धोरण होतं, आणि लहान मुलांच्या रडण्यानेही ते कधी बदललं नव्हतं.

गेल्या वर्षी मात्र मेळावा तिच्याशिवाय झाला. गुडघा नुकताच बदललेला, वरच्या खोलीत पाय उशीवर आणि खिडकी उघडी. खालचा गोंगाट सगळा ऐकू येत होता. कोण पडलं, कोण चिडलं, कोणाचा हात कोणाच्या तोंडावर बसला, हे तिला आवाजावरून समजत होतं. संगीत खुर्ची संपल्यावर भाचा वर येऊन म्हणाला, की आत्या, तुझी फार आठवण आली सगळ्यांना. आत्या म्हणाली, आठवण गेलेल्यांची काढतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती कोणाला न सांगता जिना उतरून दुकानात गेली, फोमच्या तुकड्यावर घसरली आणि स्प्रिंगांच्या ढिगाऱ्यात आडवी झाली. वहिनी जेवणाचा डबा घेऊन येईपर्यंत ती तशीच छताकडे बघत पडून होती. वहिनींनी एकटीने तिला उचललं, बसवलं, पाय तपासला, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. आत्या त्या पडण्याला घाबरली नव्हती. त्या न बोलण्याला घाबरली. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

मग आत्याने मनाशी काही ठरवलं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली होती, की रोज बसा आणि उठा, हाताचा आधार न घेता. बसण्या-उठण्याच्या साधनांची आत्याकडे काय कमतरता. तिने सुरुवात केली ती एका हॉटेलाच्या काउंटरसमोरच्या उंच स्टुलापासून. तिथून ती जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर उतरली, मग कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या ढगळ आरामखुर्चीत, जिच्यात धडधाकट माणूसही रुतून बसतो. पावसाळा गेला, थंडी गेली. शेवटी बालवाडीच्या चिमुकल्या खुर्च्या रंगवायला आल्या, तेव्हा ती त्यांच्यावर बसून, हात छातीशी बांधून उठायला शिकली. दर उठण्याला एक शिवी लागायची, पण व्यायामाच्या मुलीने शिवीचा आधार घेऊ नका असं कुठे सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी पळायला आणि उड्या मारायला बंदी केली होती, आणि ती आत्याला मान्य होती. पोत्यांची शर्यत तिने स्वतःहून सोडली. तीन पायांच्या शर्यतीबद्दल म्हणाली, की माझा एक पाय आधीच निम्मा परका आहे, त्यात तिसरा कशाला. राहिले दोन खेळ, लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. दोन्हींत मिळून भरभर चालणं आलं, बसणं-उठणं आलं, पळणं नाही. त्या दोन खेळांत आपण सगळ्यांसारखं उतरायचं, एवढीच तिची इच्छा होती. जिंकायचं वगैरे तिच्या डोक्यात नव्हतं. खिडकीतून ऐकायचं नाही, एवढं होतं.

तो रविवार उजाडला. सकाळी पोत्यांत पडापड झाली, रस्सीखेचीत भाच्याचे धाकटे काका ज्या बाजूला होते ती बाजू जिंकली, कारण काका नुसते उभे राहिले तरी रस्सी पुढे सरकत नसे. मग लिंबू-चमचा लागला. भाच्याने आत्याला चमचा आणून दिला, तोही लिंबू ठेवून तयार. आत्याने दातांत धरला आणि निघाली.

डावी-उजवीकडे लिंबं टपाटप पडत होती. भाचेसुनेचं पडलं, काकांचं तर तोंडातून चमच्यासकट पडलं. आत्याचं लिंबू मात्र जागचं हललं नाही. ती पहिली पोचली. टाळ्या झाल्या, आणि जरा जास्तच झाल्या. बाळ पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभं राहिलं की होतात तशा.

आत्या टाळ्यांनी खूश झाली नाही. आयुष्यात तिचं लिंबू कधी अर्ध्या वाटेपर्यंत टिकलं नव्हतं. नव्या गुडघ्याबरोबर हात-तोंडाचा तोलही नवा मिळाला असेल, हे तिला पटेना. तिने चमचा तोंडातून काढला, नाकाशी नेला आणि उलटा धरला. लिंबू खाली लोंबत राहिलं. पडलं नाही.

टाळ्या थांबल्या.

आत्याने चमचा झटकून पाहिला, लिंबाला टिचकी मारून पाहिली. सोल्युशन दोन्हीकडे लावून, पुरतं वाळू देऊन, मग दाबलं आहे, असा तिने निर्वाळा दिला आणि काम चोख असल्याचंही सांगितलं. असं चोख काम तिच्याशिवाय घरात एकालाच येत होतं. भाचा आता विमा कंपनीत होता, पण शाळेच्या सुट्या त्याने तिच्याच दुकानात काढल्या होत्या. तो आभाळाकडे बघत होता. आभाळात काही नव्हतं.

“शिकवलं मी,” आत्या म्हणाली, “आणि चिकटवलं मलाच.”

थोरला भाऊ, म्हणजे दादा, दरवर्षी गाणी लावायच्या कामावर असायचा. लहानपणी आत्या किडकिडीत आणि टोचरी होती म्हणून तो तिला टाचणी म्हणायचा, आणि अंगाने ती टाचणी कधीच राहिली नसली तरी नाव राहिलं होतं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, की टाचणी, अगं पहिली आलीस ना, मग झालं की. आत्याने त्याला उत्तर दिलं, की पहिलं सोल्युशन आलं, मी त्याच्याबरोबर चालत आले.

एवढ्यात भाच्याची छोटी पुढे झाली. ती अजून त्या वयात होती, ज्या वयात गुपित म्हणजे लवकरात लवकर सांगून टाकायची गोष्ट असते. तिने आत्याचा हात धरला आणि धीर दिला.

“आत्याआजी, तू कच्चं लिंबू आहेस. मी पण आहे. आपल्याला कुणी बाद नाही करायचं. आजीनं सांगितलंय सगळ्यांना.”

कच्चं लिंबू म्हणजे खेळात घेतलेला, पण धरायचा नाही असा गडी. तो सगळ्यांइतकाच धावतो, ओरडतो, घामाघूम होतो, फक्त त्याच्या असण्या-नसण्याने खेळात काही फरक पडत नाही. हे पद सुखाचं असतं, जोवर आपण त्या पदावर आहोत हे आपल्याला माहीत नसतं. छोटीला ते अलीकडेच कळलं होतं आणि तीही त्यावर खूश नव्हती. म्हणूनच तिला सोबत मिळाल्याचा आनंद झाला होता.

आत्या चमचा तसाच हातात घेऊन छत्रीकडे चालू लागली. छत्रीखाली वहिनी बसल्या होत्या, मांडीवर प्रथमोपचाराची पेटी घेऊन. कितीतरी वर्षं त्या तिथेच बसत आल्या होत्या. खेळणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. आत्याने लिंबू चिकटलेला चमचा त्यांच्या पेटीवर ठेवला.

वहिनींनी नजर चुकवली नाही. “तुम्हाला त्या दिवशी फरशीवरून मी उचललंय, वन्सं. माझी कंबर अजून विसरली नाही.”

“म्हणून मला मोजायचंच नाही?”

“म्हणून पुन्हा उचलायचं नाही.”

ते खरं होतं. खऱ्याशी गाठ पडली की आत्या धमकीवर यायची. ज्याची बॅट त्याची बॅटिंग, या न्यायाने तिने जाहीर केलं, की खुर्च्या माझ्या आहेत, मला पक्कं धरणार नसाल तर त्या आत जातील. वहिनी शांतपणे म्हणाल्या, की खुशाल न्या, आम्ही सतरंजीभोवती फिरू. धमकी तिथेच फुसकी निघाली. खुर्च्या तशा तिच्याही नव्हत्या, त्या दातांच्या डॉक्टरच्या होत्या.

मग आत्याने ओढून एक खुर्ची घेतली, हात छातीशी बांधले, बसली आणि उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. वर्षभराची मेहनत ती पहिल्यांदाच कोणाला दाखवत होती, आणि शिवी न देता दाखवत होती, त्यामुळे ते जास्त कठीण गेलं. वहिनींचे डोळे आपोआप गुडघ्यावर गेले. परिचारिकेचेच डोळे ते. त्यांना सांधा काय करतो आहे ते नीट दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते त्यांना नाकारता येईना.

“मी पडेन अशीच भीती आहे ना?” आत्या म्हणाली. “मग इतक्या लांब छत्रीखाली बसून काय झेलणार? माझ्या मागे चाला. पडले तर धरा. नाही पडले तर खुर्ची घ्या.”

वहिनींनी पेटी बाजूला ठेवली. आपण फक्त धरायला येतोय, खेळायला नाही, हे त्यांनी तीन वेळा स्पष्ट केलं आणि मग त्या चपला काढून आल्या.

आत्याने अटी घातल्या. दादाने मैदानाकडे पाठ करून गाणं थांबवायचं. छोटीलाही पक्कं धरायचं. आणि रांगेतली एक खुर्ची तिने स्वतः उचलून बाहेर काढली. तिच्यावर दोन जादा उशा बांधल्या होत्या आणि ती नेमकी कोणासमोर येणार होती, हे विचारायची गरज नव्हती. दादा आयुष्यात कुठे वेळेवर थांबला नव्हता, पण आज त्याचं गाणं त्या खुर्चीपाशी बरोबर थांबलं असतं.

पहिल्याच फेरीत छोटी बाद झाली. तिने भोकाड पसरलं, मनसोक्त रडून घेतलं, आणि रडणं आटोपल्यावर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, की मी बाद झाले, खरीखुरी.

पुढे चिल्लीपिल्ली गळाली. मग एका फेरीत आत्या आणि भाचा एकाच खुर्चीसमोर आले. भाच्याने अदबीने हात पुढे करून, बस ना आत्या, असं म्हटलं. आत्या बसली नाही. तोही बसेना. मध्ये रिकामी खुर्ची आणि दोन्ही बाजूंना एकेक शिष्टाचार, असं ते चित्र काही वेळ टिकलं. शेवटी आत्याने फेरी पुन्हा घ्यायला लावली, आणि पुन्हा घेतलेल्या फेरीत भाच्याला कोपर मारून खुर्ची घेतली. ते कोपर त्याला संध्याकाळपर्यंत आठवत होतं. लिंबाचा हिशेब मिटला.

उरले चौघं: काका, भाचेसून, आत्या आणि तिच्या मागोमाग, झेलायच्या पवित्र्यात दोन्ही हात अर्धवट पुढे धरलेल्या वहिनी. त्या अजून खेळत नव्हत्या. दर फेरीला खुर्ची मिळत गेली ती निव्वळ आत्याच्या शेजारची म्हणून. आत्याच्या हे ध्यानात आलं होतं. वहिनींनी बाद केल्याशिवाय उपयोग नाही, आणि त्यांनी तोंडदेखलं बाद करण्यातही अर्थ नाही. या गोलात आत्याला मोजायचं की नाही, हे एकाच बाईच्या हातात होतं, आणि तिचे हात झेलण्यात गुंतले होते.

गाणं सुरू झालं. आत्या मान न वळवता, चालता चालता बोलू लागली.

“त्या वर्षी मी पाय घातला नव्हता, वहिनी.”

मागची पावलं क्षणभर अडखळली. लग्न होऊन वहिनी या घरात आल्या, त्यानंतरच्या पहिल्याच सुटीतली ती गोष्ट. शेवटच्या खुर्चीसाठी नणंद-भावजय समोरासमोर आल्या होत्या आणि खुर्ची नणंदेला मिळाली होती. वहिनींचा आरोप होता, की वन्संनी पायाने खुर्ची ओढली. हा खटला तेव्हापासून चालू होता. वहिनींनी खेळणं सोडलं त्याचं कारण बाकी सगळे कामाचा व्याप समजत होते.

“घातला होता,” मागून आवाज आला.

“नव्हता. तुम्ही बसायच्या आधी खुर्ची पुसत होतात. रुमालाने.”

“तिच्यावर धूळ होती.”

“म्हणूनच म्हणते, तुमच्याच्याने व्हायचं नाही. आजही पुसत बसाल.”

वहिनींचे झेलायला पुढे धरलेले हात खाली आले, हे समोरून येणाऱ्या काकांना दिसलं. काकांनी घाबरून चालायचा वेग वाढवला.

गाणं थांबलं. काका एका खुर्चीत कोसळले, भाचेसून दुसरीत. तिसरीकडे आत्या वळली. चांगली वेळेत वळली, गुडघा वाकला, अंग खुर्चीला टेकलं. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने वहिनी बसल्या. पुसल्याशिवाय बसल्या. एका खुर्चीवर दोघींचा भार पडला, खुर्ची करकरली, पण पाय हलला नाही; दातांच्या डॉक्टरकडे जायला तिची हरकत नव्हती. मग वहिनींनी कंबरेचा जो धक्का दिला, तो अनेक वर्षं राखून ठेवलेला होता.

आत्या खुर्चीवरून सरकली. वहिनींचा हात तिला धरायला झेपावला आणि हवेतच राहिला, कारण धरायला काही नव्हतं. आत्या पडली नव्हती. ती दोन्ही पायांवर उभी होती.

दादाने मागे वळून बघितलं आणि पुन्हा पाठ केली. वहिनींचा चेहरा उतरला. त्या अर्धवट उठल्या आणि खुर्ची पुढे करू लागल्या.

“उठलात तर याद राखा,” आत्या म्हणाली. “बसा. आणि म्हणा.”

“काय म्हणू?”

“खेळात जे म्हणतात ते.”

वहिनी पुन्हा बसल्या. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या, एकदा आत्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “बाद.”

आत्याने मान हलवली. ती आपल्या पायांनी मैदानाबाहेर आली आणि बाद झालेल्यांच्या पायरीवर, हाताचा आधार न घेता बसली. छोटीने सरकून जागा करून दिली आणि विचारलं, की तूसुद्धा खरीखुरी का? आत्या म्हणाली, हो.

आत्या चौथी आली. उशा तीनच होत्या.